आमच्या गल्लीची सभा

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी ३१ वर्षे शिकवले आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे तापीकाठच्या एका लहान गावात मुख्याध्यापिका म्हणून काढली. त्या गावाने मला ग्रामसभेची सवय लावली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुधा आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडायच्या. कधी आवाज चढायचे, कधी गणपूर्ती व्हायची नाही, कधी सभा नुसत्या सह्यांपुरती उरायची. हे सगळे मी जवळून पाहिले आहे आणि म्हणून ग्रामसभेचे भाबडे कौतुक मी करणार नाही. परंतु कापूस वेचायला जाणारी एखादी बाई त्या सभेत पदर सावरत उठायची आणि "तीन महिना व्हयनात, हापशी बंद शे, तेनं काय?" असे थेट सरपंचांना विचारायची, आणि तो प्रश्न ग्रामसेवकांना इतिवृत्तात लिहावा लागायचा, हेही मी तितक्याच जवळून पाहिले आहे.

निवृत्तीनंतर, २०२१ मध्ये, आम्ही जळगाव जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या शहरात राहायला आलो. शेतजमीन बिनशेती होऊन तिच्यावर प्लॉट पडलेले, अशी ही वस्ती आहे. आमच्या गल्लीत ४६ घरे आहेत. शिक्षक, एस.टी.तले वाहक, दुकानदार, गिरणीवाले, दोन-तीन शेतकरी, भाडेकरू, असे सर्व तऱ्हेचे लोक येथे आहेत. काँक्रीटचा रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे, शाळा जवळ आहे. गावाच्या मानाने सगळे बरे होते. फक्त प्रश्न विचारायला जागा नव्हती, आणि ही उणीव ध्यानात यायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली.

ती आली पाण्यामुळे. आमच्याकडे पाणी चौथ्या दिवशी येईल असे नगरपरिषदेने जाहीर केलेले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात, पारा ४४ च्या पुढे गेलेला असताना, गल्लीच्या शेवटच्या १५-१६ घरांना सातव्या, कधी आठव्या दिवशी पाणी मिळू लागले. "पाणी कव्हय येई?" (पाणी केव्हा येईल?) हा त्या दिवसांतला आमच्या गल्लीचा रामराम होता. बायका तो प्रश्न एकमेकींना विचारत, व्हॉल्वमनला विचारत, दुधवाल्यालाही विचारत. ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांना मात्र तो कोणीच विचारत नव्हते, कारण त्यांना तो कुठे आणि केव्हा विचारायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. नगरसेवकाच्या दारात जावे, तर नगरसेवकच नव्हते. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे आमच्याही नगरपरिषदेची मुदत संपली होती, निवडणुका लांबल्या होत्या आणि कारभार प्रशासकांकडे होता.

मी मुळातली शिक्षिका; माहीत नसेल ते वाचून काढायचे, ही जुनी खोड. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान दिले, त्यांच्याकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत दिली आणि घरगुती पाणीपुरवठा हा त्यांतील एक विषय. याच दुरुस्तीने प्रभाग समित्याही आल्या, पण तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. खान्देशात ती पायरी ओलांडतात ती जळगाव आणि धुळे ही दोनच शहरे. म्हणजे गावाला ग्रामसभा आहे, महानगराला निदान कागदावर प्रभाग समिती आहे, आणि आमच्यासारख्या ७०-८० हजार वस्तीच्या शहरातल्या माणसाला पाच वर्षांतून एकदा मतदानाला जाण्यापलीकडे जागा नाही. ज्या गावातून मी आले त्या गावच्या मजूर बाईला जे सहज करता येत होते, ते पक्क्या घरात राहणाऱ्या मला करता येत नव्हते. हे मला फार लागले.

आमचा पहिला प्रयत्न फसला. ‘समस्त रहिवासी’ अशा नावाने आम्ही तक्रार अर्ज लिहिला, ६३ सह्या घेतल्या आणि दहा-बारा जण मिळून तो देऊन आलो. अर्जात पाणी होते, तुंबलेली गटार होती, बंद पडलेले दिवे होते, मोकाट डुकरे होती. भाषा कळकळीची होती. ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे वाक्यही होते. गल्लीतल्या एका निवृत्त तलाठी अण्णांनी आग्रहाने दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, म्हणून तेवढा पुरावा तरी राहिला. त्या अर्जाचे पुढे काय झाले ते आम्हाला कधीच कळले नाही. आज तो अर्ज वाचताना माझ्या लक्षात येते की त्यात उत्तर द्यावे लागेल असा एकही प्रश्न नव्हता.

त्यानंतर जूनमध्ये आम्ही बसायचे ठरवले. ले-आउट मंजूर करताना सोडलेली मोकळी जागा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथे एक कडुनिंब आणि त्याला कोणी तरी हौसेने बांधलेला पार आहे. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता तिथे जमायचे, असे सांगत मी घरोघर गेले. पहिल्या रविवारी नऊ जण आले, नऊही पुरुष. दुसऱ्या रविवारी सात. पाण्याचा भार ज्यांच्या डोक्यावर, त्या बायका का येत नाहीत, हे विचारायला मी शेवटच्या घरातल्या जिजींकडे गेले, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले आणि भिंतीवरची दिनदर्शिका दाखवली.

ती दिनदर्शिका माझ्या डोळ्यांसमोरून कधी जाणार नाही. खिळ्याला दोऱ्याने बांधलेली दोन बोटांएवढी पेन्सिल होती. ज्या दिवशी नळ आले त्या तारखेच्या चौकटीत वेळ आणि त्याखाली हंड्यांची संख्या, अशा जानेवारीपासूनच्या नोंदी होत्या. जिजी दुसरीपर्यंत शिकलेल्या. आकडे येतात, म्हणून हंडा म्हणजे उभी रेघ आणि पाच हंड्यांना आडवा छेद, अशी त्यांची पद्धत. मार्चपासून रेघा विरळ होत गेल्या होत्या आणि मे महिन्याच्या पानावर चारच चौकटी भरलेल्या होत्या. "रविवारी सहाला येऊ कशी? पाणी आलं तर त्याच वेळी येतं," त्या म्हणाल्या. पुरुषांना सोयीची वेळ आम्ही सर्वांची वेळ धरून चाललो होतो. त्या दिवसापासून बैठक रविवारी दुपारी चार वाजता, सावली पारावर आल्यावर, ठेवली. पुढच्या बैठकीला २३ जणी-जण आले, त्यांत १४ बायका होत्या, आणि जिजी दिनदर्शिका पदराखाली धरून आल्या.

त्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. एका वेळी एकच विषय घ्यायचा. जे बोलायचे ते आधी वहीत लिहायचे. अध्यक्ष नेमायचा नाही, फक्त त्या-त्या बैठकीपुरता एकाने कारभार पाहायचा. तिसऱ्या ठरावावर बरीच ओढाताण झाली, कारण आपल्याकडे मंडळ म्हटले की अध्यक्ष आणि अध्यक्ष म्हटले की फलक. ती टळली आबांमुळे. आबा ऐंशीच्या घरातले. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा त्यांचे वडील अठरा वर्षांचे होते आणि स्वयंसेवक म्हणून गेले होते. "बापाने तिथं भाषण ऐकलं नाही, पाणी वाहिलं," आबा म्हणाले, "पण मरेपर्यंत सांगायचा, फैजपूर आम्ही केलं." अध्यक्षपदाची चर्चा तिथेच थांबली.

वही लिहायचे काम बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने घेतले. ती फारशी बोलत नसे, पण अक्षर सुरेख होते आणि ऐकलेले जसेच्या तसे उतरवण्याची चिकाटी होती. माहिती अधिकाराचा अर्जही पुढे तिनेच लिहिला.

या अर्जाबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लोक इथेच कंटाळतात. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा आहे. महाराष्ट्रात ठरावीक नमुन्यात अर्ज करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, आणि माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. आमचा पहिला अर्ज परत आला, कारण आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि आम्ही पुन्हा पाणी, गटार व दिवे एकत्र बांधले होते. एका वेळी एकच विषय हा आमचाच ठराव, आम्हीच मोडला होता. दुसऱ्या अर्जात मुलीने एवढेच लिहिले: १ जानेवारी ते ३० जून २०२३ या काळात आमच्या गल्लीच्या जलवाहिनीला कोणत्या तारखांना, किती वाजता आणि किती वेळ पाणी सोडले, याच्या नोंदवहीची साक्षांकित प्रत मिळावी. ‘का सोडले नाही’ असे तिने विचारले नाही, आणि ते योग्यच केले. दप्तरात जे लिहिलेले आहे तेच मागता येते. कारणे आणि मते मागितली की अर्जाला पळवाट मिळते.

३० दिवस गेले, उत्तर आले नाही. मग वीस रुपयांचा स्टँप लावून पहिले अपील केले. सुनावणीला मी, अण्णा आणि ती मुलगी असे तिघे गेलो. सुनावणी दहा मिनिटांत संपली आणि आठवड्यात प्रती मिळाल्या. एरवी पानाला दोन रुपये लागतात, पण मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते, हे मुलीने आधी वाचून ठेवले होते आणि तिने ते खिडकीवर शांतपणे सांगितले. तिच्या आवाजात जराही धार नव्हती. वर्गात वर्षानुवर्षे नागरिकशास्त्र शिकवताना मला जे मुलांना दाखवता आले नव्हते, ते मी त्या खिडकीपाशी पाहत होते.

रविवारी पारावर नोंदवहीच्या प्रती आणि जिजींची दिनदर्शिका शेजारी शेजारी ठेवली. आमची अशी खात्री होती की पाणी सोडलेच जात नाही. नोंदवहीत मात्र जवळजवळ प्रत्येक चौथ्या किंवा पाचव्या दिवशी आमच्या लाइनला पाणी सोडल्याची नोंद होती, वेळही ४५ मिनिटांच्या आसपास. त्यांतल्या निम्म्या तारखांना जिजींच्या चौकटी कोऱ्या. मंडळी लगेच उसळली. "खोट्या नोंदी आहेत, पेपरला देऊ," असे दोघे-तिघे म्हणाले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी राहणारी एक वहिनी हळूच म्हणाली की या कोऱ्या तारखांपैकी दोन दिवस तर तिच्याकडे नळ आले होते. एक तिच्या मुलाचा वाढदिवस होता म्हणून तिला पक्के आठवत होते. मुलीने ते वहीत लिहिले. मला वाटते, आमच्या सगळ्या कामात खरी निर्णायक नोंद ही होती, कारण ती आपल्याच गल्लीकडे बोट दाखवणारी होती आणि तरीही ती खोडली गेली नाही.

राज्य सरकारच्या २०१८ च्या एका निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अण्णांना हे ठाऊक होते. आम्ही सलग तीन सोमवार गेलो. पहिल्या सोमवारी आम्हाला बसायला खुर्ची मिळाली नाही, तिसऱ्या सोमवारी चहा मिळाला. पाणीपुरवठा पाहणाऱ्या तरुण अभियंत्यांना आम्ही दोन्ही कागद दाखवले आणि विचारले की हे दोन्ही खरे असतील तर पाणी जाते कुठे. ते बराच वेळ दिनदर्शिका पाहत राहिले. "पुढच्या पाळीला मी स्वतः येतो," असे म्हणाले आणि खरोखरच आले.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी व्हॉल्वमनने चावी फिरवली. अभियंता, मी आणि ती मुलगी शेवटच्या घरी, जिजींच्या नळापाशी उभे होतो. सात-आठ मिनिटांत नळाने हवा सोडली, खाकरला, आणि धार सुरू झाली. चांगली मनगटाएवढी धार होती. जिजींनी पहिला हंडा लावला. हंडा अर्धा भरत आला असेल, तेव्हा गल्लीच्या त्या टोकाकडून एक घरघर ऐकू आली, मग दुसरी, मग अनेक घरघरी एकमेकींत मिसळल्या. धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग तुटली. जिजींनी सवयीने तळहात नळाखाली धरला, तर नळ हवा आत ओढत होता. अभियंत्यांनी त्यांना हात लावून बघू का असे विचारले, लावला, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या गल्लीत लाइनवर मोटारी किती आहेत?"

मी उत्तर दिले नाही. आमच्या पायऱ्यांखाली पत्र्याच्या पेटीत ठेवलेली मोटार त्या क्षणी चालू होती.

नंतर त्यांनी समजावून सांगितले ते असे. जलवाहिनीला थेट मोटार जोडली की पुढची घरे पाणी ओढून घेतात आणि शेवटच्या घरांपर्यंत दाब पोहोचतच नाही. याहून वाईट म्हणजे, वाहिनीत पोकळी निर्माण झाली की जिथे जिथे जोड सैल आहेत तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते, आणि आमची जुनी वाहिनी दोन ठिकाणी गटारीला लागून जाते. गल्लीत त्या उन्हाळ्यात पाच मुलांना जुलाब झाले होते. तेच कारण होते असे मी म्हणणार नाही, पण ते ऐकल्यानंतर मला दोन रात्री झोप लागली नाही. कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह अर्धवट अडकलेला आहे आणि तो पूर्ण उघडत नाही, ही नगरपरिषदेच्या बाजूची चूकही त्यांनी लपवली नाही.

मोटारींवरच्या बैठका हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. आम्ही मोजले: ४६ घरांत १९ मोटारी. पहिली बैठक भांडणात संपली. "माझी मोटार, माझं वीजबिल," एक भाऊ म्हणाले. दुसऱ्याने विचारले की बाकीच्या शहरात शेकडो मोटारी चालतात, मग आपणच का बंद करायच्या. एक आजी म्हणाल्या की त्यांना गुडघ्यांमुळे हंडे उचलता येत नाहीत, मोटार काढली तर पाणी गच्चीवर कसे चढवायचे. यातला एकही प्रश्न मला उडवून लावण्यासारखा वाटला नाही. कार्यालयाच्या खिडकीवर आम्ही ज्या धीराने उभे राहिलो होतो, तोच धीर शेजाऱ्यासमोर ठेवणे किती कठीण आहे, हे मला त्या दिवशी समजले.

दुसऱ्या बैठकीला मी आधी आमची मोटार लाइनवरून काढून घेतली आणि मग बोलले. उपाय सुचवला तो गल्लीतल्या वायरमन मुलाने. मोटार फेकायची गरज नाही, फक्त तिची जागा बदलायची. नळाचे पाणी आपल्या दाबाने जमिनीलगतच्या हौदात किंवा ड्रममध्ये पडू द्यायचे आणि मग त्या हौदातून मोटारीने गच्चीवर चढवायचे. ज्यांच्याकडे हौद होता त्यांचा प्रश्न तासाभरात सुटला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी दोनशे लिटरचे ड्रम पुरले. तीन घरांना तेही परवडणारे नव्हते, त्यांत गुडघेदुखीच्या आजी होत्या. त्यांच्यासाठी वर्गणी काढली आणि वायरमनने मजुरी घेतली नाही. देखरेखीसाठी प्रत्येक पाळीला दोन बायका गल्लीतून फेरी मारतील असे ठरले. घरघर ऐकू आली तर दार वाजवायचे आणि एवढेच म्हणायचे, "जिजींकडे अजून आलं नाही." हळूहळू १९ पैकी १८ मोटारी लाइनवरून निघाल्या. एक राहिली.

त्यानंतर पहिल्या पाळीला जिजींच्या घरी सलग ३० मिनिटे पाणी आले. त्यांनी त्या चौकटीत रेघा ओढल्या त्या चौकटीबाहेर गेल्या.

आता व्हॉल्व्हसाठी केलेला आमचा अर्ज वेगळा होता. त्यात नोंदवहीची प्रत होती, दिनदर्शिकेच्या पानांची झेरॉक्स होती, आम्ही मोटारी काढल्याचे लिहिले होते, आणि व्हॉल्व्ह कोणत्या तारखेपर्यंत बदलला जाईल व पाण्याचे वेळापत्रक फलकावर लावले जाईल काय, असे दोनच प्रश्न होते. लेखी उत्तर २१ दिवसांनी आले. निधीच्या कारणाने काम लांबत गेले, आम्ही दर महिन्याला एक स्मरणपत्र दिले, आणि २०२४ च्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी व्हॉल्व्ह बदलला गेला. माहेरी आलेल्या मुली त्या वर्षी पहिल्यांदा नळाखाली भांडल्या नाहीत, असे जिजी सांगतात. पाणी आजही चौथ्या नव्हे, पाचव्या दिवशी येते, उन्हाळ्यात सहाव्या. मात्र फलकावर लिहिलेल्या वेळेला येते आणि शेवटच्या घरापर्यंत येते.

शेजारच्या गल्ल्यांतून लोक येऊ लागले. आमच्यासाठी अर्ज करून द्या, असेच बहुतेकांचे म्हणणे असे, आणि इथे मला माझ्या स्वभावाशी झगडावे लागले. मी लिहून दिले असते तर काम लवकर झाले असते. पण अर्ज मी लिहिला की प्रश्न माझा होतो, आणि मी आजारी पडले की तो मरतो. म्हणून बी.कॉम.ची मुलगी आणि वायरमन मुलगा त्या गल्ल्यांत जाऊन बसू लागले; त्यांनी नमुना दाखवायचा, लिहायचे गल्लीवाल्यांनी. पाच गल्ल्यांत आज अशा वह्या आहेत. दोन गल्ल्यांत सुरू होऊन बंद पडल्या, कारण तिथे पहिल्याच बैठकीत अध्यक्ष निवडला गेला होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडणुकीसाठी प्रभागनिहाय प्रारूप मतदार याद्या आल्या. आम्ही त्या घरोघर नेऊन ताडून पाहिल्या. आमच्या गल्लीतली ३१ नावे शेजारच्या प्रभागात गेली होती आणि वारलेल्या चौघांची नावे तशीच होती. हरकती मुदतीत दिल्या. नोव्हेंबरमध्ये रीतसर परवानगी घेऊन प्रभागातल्या सर्व उमेदवारांना पारावर बोलावले. हार नाही, चहा गल्लीचा, प्रत्येकाला पाच मिनिटे आणि तीन लेखी प्रश्न, उत्तरे वहीत लिहून खाली सही. आमच्या प्रभागातील दोन जागांपैकी एक महिलेसाठी राखीव होती. त्या जागेच्या एका उमेदवार ताईंच्या वतीने त्यांचे यजमान बोलायला उठले, तेव्हा वही लिहिणाऱ्या मुलीने पेन थांबवले आणि म्हणाली, "दादा, वहीत ताईंचं नाव आहे. मला त्यांचंच लिहिता येईल." यजमान बसले. ताई उठल्या, आधी अडखळल्या, मग अहिराणीत बोलू लागल्या, आणि पाण्याच्या टाकीपासून आमच्या गल्लीपर्यंत वाहिनी कुठून कुठे येते हे त्यांनी इतके अचूक सांगितले की आबांनी टाळी वाजवली. राखीव जागांवर निवडून आलेल्या बायकांना बोलता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्यांना आधी बोलण्याची पाळी द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या ताई निवडून आल्या. जानेवारीच्या ११ तारखेला, रविवारी, त्या आमच्या बैठकीला आल्या आणि सतरंजीवर जिजींच्या शेजारी बसल्या. मुलीने नोव्हेंबरच्या पानावरची त्यांची उत्तरे वाचून दाखवली. गटारीला लागून जाणारी जुनी वाहिनी बदलण्याचे काम यंदाच्या अंदाजपत्रकात धरण्याचा आग्रह धरीन, असे त्यांनी सहीनिशी म्हटलेले होते. ते पुन्हा मोठ्याने वाचले गेल्यावर त्यांनी वही मागून घेतली, ती ओळ स्वतः वाचली, आणि अंदाजपत्रकाची सभा होण्यापूर्वी कच्च्या मसुद्यात ते काम आले की नाही हे पारावर येऊन सांगेन, असे खाली लिहिले. दुसरा विषय मोकळ्या जागेवरच्या दिव्यांचा होता, तिसरा पुढच्या गल्लीतल्या वहीचा. चौथा विषय ती राहिलेली एक मोटार. त्या घरी या महिन्यात कोण जाणार, यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि शेवटी आजी म्हणाल्या की गुडघे दुखले तरी त्या जातील.